प्रशिक्षण हे मालकाचे काम, असे कोणी ठरवले?

कामगार चळवळीत एक श्रमविभागणी कोणताही ठराव न होता रूढ झाली आहे. पगार, बोनस, कायमपणा आणि बडतर्फी हे युनियनचे विषय. कामगाराला काम शिकवणे हा मालकाचा विषय. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात एखादा अपघात झाला की गेटसभा होते, नुकसानभरपाईची मागणी होते, चौकशीची मागणी होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु जो मेला त्याला ते भांडे, तो व्हॉल्व्ह, तो टँकर हाताळायला कोणी शिकवले होते, किती दिवस आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न त्या सभेत क्वचितच विचारला जातो. २३ सप्टेंबर २०२३ रोजी शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टँकरचा स्फोट होऊन कामगारांचे प्राण गेले. २३ मे २०२४ रोजी शेजारच्या डोंबिवली एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला आणि दहापेक्षा अधिक माणसे मृत्युमुखी पडली. प्रत्येक अपघाताची तांत्रिक कारणे वेगळी असतात, ती तपासयंत्रणांनी शोधावीत. कामगार काय जाणत होता आणि त्याला काय जाणू दिले होते, हा प्रश्न मात्र प्रत्येक ठिकाणी सारखाच आहे, आणि तो राजकीय प्रश्न आहे.

या विषयावर बोलू लागलो की काही कार्यकर्ते मित्र दोन आक्षेप घेतात. पहिला असा की कुशल कामगार अधिक उत्पादन करतो, त्याचा नफा मालकाच्या खिशात जातो. मग ती उठाठेव आपण का करावी? या युक्तिवादाला क्रांतिकारक वास आहे, पण तो तर्काला धरून नाही. नाक्यावर सकाळी उभा राहणारा माणूस ठेकेदाराला हवा तेव्हा बदलता येतो, कारण त्याच्या हाताला कोणते विशेष काम येते याची कोठेही नोंद नसते. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. गिरण्या बुडाल्या तेव्हा वीस-वीस वर्षे साचे चालवलेले विणकर बाहेर पडले, त्या वेळी त्यांच्या विद्येला बाजारात किती किंमत आली? सौदा करण्याची ताकद संघटनेतून येते, तशीच ती कौशल्यातूनही येते. या दोन्हींची फारकत करणे मालकाच्याच पथ्यावर पडते.

दुसरा आक्षेप असा की कायद्याने ही जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. होती खरी. भोपाळनंतर कारखाना अधिनियमात १९८७ साली दुरुस्ती झाली आणि कलम १११-अ ने कामगाराला सुरक्षेविषयी माहिती मिळवण्याचा आणि प्रशिक्षण घेण्याचा हक्क दिला. किती युनियननी हे कलम कधी वापरले? आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, आणि विजेवर चालणारा कारखाना 'कारखाना' ठरण्यासाठी दहाऐवजी वीस कामगारांची अट आली आहे. उल्हासनगरच्या पाच कॅम्पांतले गाळे आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतले छोटे घटक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या एका आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

कायद्याचे पालन कसे होते याचा नमुना मी अंबरनाथच्या एका छोट्या कारखान्यात पाहिला आहे. बाहेरून आलेला तरुण प्रशिक्षक पडद्यावर इंग्रजी चित्रपट्ट्या दाखवत होता आणि हिंदीत भराभर बोलत होता. रात्रपाळी संपवून बसलेले कामगार अर्धवट झोपेत होते. चाळीस मिनिटांनी त्याने विचारले, "समझ गया?" सर्वांनी मान डोलावली. हजेरीपटावर सह्या झाल्या, दोन अंगठे उठले, आणि तो हजेरीपट फाइलीत गेला. उद्या काही घडले तर हाच कागद व्यवस्थापनाच्या बाजूने आणि मृताच्या विरोधात साक्ष देईल!

प्रौढाला शिकवणे ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती शिकावी लागते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नवख्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी एक पद्धत बसवली गेली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेमार्फत ती पन्नासच्या दशकात आपल्याकडे आली. अमेरिकन म्हणून तिच्याकडे नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण तिच्यातला गाभा कोणताही चांगला उस्ताद जाणतो. आधी शिकणाऱ्याची भीती घालवायची आणि त्याला काय येते ते विचारायचे. मग काम एकेक पायरीने करून दाखवायचे. मग त्याच्याकडून करून घ्यायचे. शेवटी त्याला कामावर एकटे सोडायचे, पण वरचेवर जाऊन पाहायचे.

सांगायला सोपे, करायला अवघड! निष्णात कामगार हा आपोआप चांगला शिक्षक होत नाही. वीस वर्षांत काम त्याच्या हातात इतके मुरलेले असते की पायऱ्या त्याला स्वतःलाच दिसेनाशा होतात. विचारले तर "ते अनुभवाने कळतं" एवढेच तो सांगतो. म्हणून शिकवू पाहणाऱ्याने आपलेच काम परक्यासारखे पाहून त्याचे तुकडे पाडले पाहिजेत आणि प्रत्येक तुकड्यातली कळीची जागा हुडकली पाहिजे. धरमसी मोरारजी कंपनी १९१९ साली स्थापन झाली. तिने अंबरनाथला गंधकाम्ल आणले. या गावाला ते तेव्हापासून परिचित आहे. ते पातळ करताना आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही ओतायचे नाही, ही त्या कामातली कळीची जागा. नुसता नियम सांगितला तर घाईच्या वेळी विसरतो. उष्णता निर्माण होते, वरचे थोडे पाणी क्षणात उकळते आणि आम्ल तोंडावर उडते, हे कारण कळले की सहसा विसरत नाही. मग त्याच्याकडून साध्या पाण्याची दोन भांडी घेऊन तीच कृती करवून घ्यावी आणि करता करता कारण वदवून घ्यावे. "समजले का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. चाळिशीतला माणूस चारचौघांत "नाही समजले" असे म्हणणार नाही. त्याला मान आहे, आणि ठेकेदार कोपऱ्यात उभा आहे.

याच कारणासाठी शिक्षक कामगारांतला हवा. भोजपुरी बोलणाऱ्याला भोजपुरीत, मुरबाडकडच्या पोराला त्याच्या बोलीत सांगणारा, आणि ज्याच्यासमोर अज्ञान कबूल करायला भीती वाटत नाही असा. ही कल्पना नवी नाही. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १९५८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कामगार शिक्षण मंडळाची रचना तर याच तत्त्वावर होती: युनियनने निवडलेला कामगार प्रशिक्षण घेऊन 'कामगार-शिक्षक' म्हणून आपल्या कारखान्यात परतायचा आणि तेथे वर्ग चालवायचा. सरकारी कृपेवर चाललेल्या उपक्रमाचे जे होते तेच पुढे याचेही झाले, पण कल्पना बाद झालेली नाही. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत शिकाऊ उमेदवार रीतसर शिकून तयार होत आले आहेत. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ मोडून कंपन्या करण्यात आल्या, त्याविरुद्ध संघटना लढल्या. एस. एम. जोशींनी ज्या संरक्षण कर्मचारी महासंघाचे नेतृत्व केले, त्याच्या वारसांनी तेथल्या निवृत्त कारागिरांना एकत्र आणायचे ठरवले तर एवढी शिक्षकसंपत्ती या परिसरात दुसरीकडे मिळणार नाही.

पैशाचे काय? एकेक मालक प्रशिक्षणावर खर्च करत नाही, कारण शिकलेला कामगार शेजारच्या कारखान्यात गेला तर खर्च याचा आणि लाभ त्याचा. गॅरी बेकर यांनी १९६४ साली यावरून असा निष्कर्ष काढला की सर्वत्र उपयोगी पडणाऱ्या कौशल्याचा खर्च कामगारच कमी वेतन घेऊन सोसतो. आमच्याकडे तो तीन-तीन वर्षे 'हेल्पर' राहून सोसतो, आणि बहुधा काही न शिकताच. त्याच १९६४ साली ब्रिटनने कायदा करून उद्योगांवर प्रशिक्षणाचा कर बसवला आणि जे शिकवतील त्यांना त्यातून अनुदान दिले. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखानदारांना सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र चालवता येते. घाण सामायिकपणे वाहून नेता येते, मग शिक्षण सामायिकपणे का देता येऊ नये? कामगारसंख्येच्या प्रमाणात वर्गणी, केंद्राच्या कारभारात युनियनला निम्म्या जागा, ठेक्यावरच्या कामगाराला कायम कामगाराइतकाच प्रवेश, ही मागणी तिन्ही गावांतल्या युनियननी एकत्र करावी.

मालक मान्य करीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. प्रत्येक युनियनने दोन-तीन माणसे निवडावीत. वक्ते मात्र निवडू नयेत. आपल्या अभ्यासवर्गांत दोन-दोन तास व्याख्याने देणाऱ्यांना ही विद्या सर्वांत कठीण जाते, आणि यात आम्ही प्राध्यापक आघाडीवर असतो. ज्याच्याकडे नवी पोरे आपणहून विचारायला जातात तो माणूस शोधावा. साप्ताहिक सुटीच्या दिवशी त्यांनी एकमेकांना आपापले काम शिकवून दाखवावे आणि इतरांनी कोठे अडले ते सांगावे. पुढच्या वेतनकराराच्या मागणीपत्रात दोन ओळी घालाव्यात: कामगार-शिक्षकाचे तास हे कामाचे तास धरले जातील; आणि नव्या कामगाराने काम करून दाखवल्यावाचून, कामगार-शिक्षकाच्या सहीशिवाय, त्याच्या प्रशिक्षणाची नोंद पुरी मानली जाणार नाही.