पोर सांभाळणाऱ्याला कोण सांभाळतं?

वऱ्हाडात दुसऱ्याचं लेकरू सांभाळणं नवं नाही. पोहरादेवीच्या आसपासच्या तांड्यांतून माणसं मजुरीसाठी बाहेरगावी निघाली की पोरं आजीजवळ राहतात. भाची शिकायला मावशीकडे कारंज्याला येते, भाचा मामाकडे रिसोडला. यासाठी कुणी कधी अर्ज भरत नाही.

अडतं ते वेगळ्या पोरांपाशी. वय चौदा-पंधरा. बाप कर्जापायी गेलेला किंवा दारूत बुडालेला, आईचा ठावठिकाणा नाही, काकानं महिनाभर ठेवून हात टेकलेले. शाळा सुटलेली, बालगृहातून एकदा पळून झालेलं. गाव अशा पोराला ‘वाया गेलेलं’ म्हणून मोकळं होतं. त्याला घरात घेऊन, माणसात आणण्यासाठी मुद्दाम सांभाळणारं कुटुंब वाशीम जिल्ह्यात उभं राहू शकतं का?

कायद्याची आडकाठी नाही. बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ४४ नुसार बालकल्याण समिती नात्यात नसलेल्या कुटुंबातही मूल ठेवू शकते. २०२४च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी एकट्या व्यक्तीलाही ही मुभा दिली. एकटा पुरुष असेल तर फक्त मुलगा सांभाळता येतो. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये अशा मुलासाठी महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना २,२५० रुपये देते, पण तिचा आधार मुख्यतः एकल पालकांना आणि नातेवाइकांना होतो. अनोळखी घरात मोठं मूल जाणं आपल्याकडे अजून विरळाच.

पैशाचं गणित त्यातल्या त्यात सोपं. अवघड असतं ते रात्री. उपाशी राहिलेलं पोर पोटभर जेवतं आणि तरी अर्धी भाकरी उशीखाली लपवतं. दिवा मालवू देत नाही. पंधरवडाभर गुणी वागतं, मग एके दिवशी ताट भिरकावतं, कारण ‘हे लोकही हाकलतात का’ एवढंच त्याला पाहायचं असतं. त्या क्षणी सांभाळणारी काकू ओरडली तर त्याचा अंदाज खरा ठरतो. तिनं खाली बसून शांतपणे ताट उचललं आणि पुन्हा वाढलं, तर त्याला पहिल्यांदा काहीतरी निराळं दिसतं. हे शंभरदा करावं लागतं. नुसत्या मायेवर ते निभत नाही. त्याचं शिक्षण घ्यावं लागतं, आणि थकल्यावर बोलायला कुणीतरी लागतं.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात पॅट्रिशिया चेंबरलेन यांनी १९८३ मध्ये नेमकं हेच ओळखलं. गुन्ह्यांत अडकलेल्या किशोरांना कोठडीऐवजी प्रशिक्षित कुटुंबात ठेवायचं, सहसा एका घरात एकच मूल. कार्यक्रमाचा माणूस त्या घराला नेमानं फोन करायचा: आज भांडला का, खोटं बोलला का, तुम्हाला त्याचा किती ताण झाला? सहा ते नऊ महिने हा क्रम चाले आणि दरम्यान मुलाच्या मूळ घराचीही तयारी करून घेतली जाई. या सगळ्यात अनमोल आहे तो फोन. आपल्या कायद्यात समितीनं दर महिन्याला घराची पाहणी करायची आहे, पण पाहणी म्हणजे पाठबळ नव्हे.

वाशीमला हे पाठबळ आकाशातून आणावं लागणार नाही. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ पासून चौदा जिल्ह्यांत सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात वाशीमही आहे. त्यात आशाताई घरोघरी जाऊन ठरावीक प्रश्न विचारतात, कोण खचलंय ते ओळखतात आणि समुपदेशकाकडे पाठवतात. खचलेला बाप ओळखायला शिकलेली हीच आशाताई, त्या बापाचं पोर ज्या घरात राहतं तिथेही जाऊ शकते. ही जोडणी करायला नवं खातं लागत नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि आरोग्य विभागानं एका टेबलावर बसायला हवं.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचं नाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांची दृष्टिहीन मानसकन्या माला एमपीएससीची लिपिक परीक्षा उत्तीर्ण झाली. वझ्झर ही संस्था आहे, एकट्या कुटुंबाचं घर नव्हे, आणि तिथली मुलंही वेगळी. तरी अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून मुलांना बाहेर काढू नका, हा बाबांचा वर्षानुवर्षांचा आग्रह इथेही तंतोतंत लागू आहे. पंधराव्या वर्षी घरात आलेल्या मुलाला तीन वर्षांत जेमतेम विश्वास बसतो, आणि तेवढ्यात कागदावर तो मोठा होतो. कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे. घर मिळालेल्या मुलाला ती त्याच घरात राहून घेता आली पाहिजे.

ज्यांना हे करायचंय त्यांनी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे जावं. घरभेट होईल, पोलीस पडताळणी आणि वैद्यकीय तपासणी होईल, मुलाचंही मत विचारलं जाईल. मुलानं ‘आई’ म्हणावं असा हट्ट नको. जन्मदात्यांशी भेटीगाठी कायद्यानं सुरू राहू शकतात, म्हणून काकू किंवा मावशीच बरी. आणि वर्षानुवर्षांची जबाबदारी झेपणार नसेल, तर थोड्या काळासाठीही मूल ठेवता येतं. परीक्षा होईपर्यंत, आई दवाखान्यातून परत येईपर्यंत, किंवा समितीचा निर्णय लागेपर्यंत राहायला एक घर, एवढंच काही मुलांना हवं असतं.