सर्फिंग आणि किनारी समुदायांचा विकास

सर्फिंग म्हणजे फळीवर उभे राहून समुद्राच्या फुटत्या लाटेवरून घसरत जाण्याचा खेळ होय. दुर्गम किनाऱ्यांवरील निसर्गाचे संवर्धन आणि स्थानिकांची उपजीविका यांसाठी या खेळाचा उपयोग करण्याचे प्रयत्न अनेक देशांत झाले आहेत. इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी व पेरू येथील अनुभव पाहता, केवळ पर्यटक आल्याने गावाचा विकास होत नाही. लाटेवर अधिकार कोणाचा, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

पार्श्वभूमी

सर्फिंगयोग्य लाट सर्वत्र निर्माण होत नाही. प्रवाळखडक, वाळूचे दांडे किंवा नदीमुख यांच्या विशिष्ट रचनेमुळे ती फुटते. त्यामुळे प्रवाळ नष्ट झाल्यास किंवा बंदराच्या बांधकामाने वाळूचा प्रवाह अडल्यास मासेमारी व लाट या दोहोंवर परिणाम होऊ शकतो. मच्छीमार आणि सर्फर यांचे हित येथे एकत्र येते.

इंडोनेशिया

सुमात्राच्या पश्चिमेकडील मेंतावाई बेटे सर्फरांमध्ये जगप्रसिद्ध आहेत. अनेक पर्यटक भाड्याच्या नौकांवरच राहत असल्याने त्यांच्या खर्चाचा थोडाच भाग गावांपर्यंत पोहोचत असे. सर्फिंगसाठी तेथे गेलेले न्यूझीलंडचे डॉक्टर डेव्ह जेन्किन्स यांनी मलेरियाने त्रस्त ग्रामस्थ पाहून २००० मध्ये ‘सर्फएड’ ही संस्था स्थापन केली. मच्छरदाण्यांचे वाटप, माता-बालआरोग्य, पाणी व स्वच्छता ही तिची प्रमुख कार्यक्षेत्रे होत.

पापुआ न्यू गिनी

या देशातील बहुतांश जमीन पारंपरिक सामूहिक मालकीची आहे. तेथील सर्फिंग संघटनेने याच व्यवस्थेचा आधार घेतला. ठरावीक ठिकाणी एका वेळी किती सर्फर असावेत यावर मर्यादा घातली जाते आणि पाहुण्यांकडून घेतलेल्या शुल्काचा लाभ यजमान समुदायास मिळतो. येथे गावकरी मदतीचे लाभार्थी नसून यजमान व हक्कदार असतात.

पेरू

पेरूने २००० मध्ये सर्फिंगयोग्य लाटांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याची नियमावली २०१३ मध्ये आली. २०१६ मध्ये चिकामा येथील लाटेला या कायद्याचे संरक्षण मिळाले. वांचाको येथे मच्छीमार आजही तोतोरा नावाच्या लव्हाळ्यापासून बनवलेल्या पारंपरिक होड्या वापरतात. जवळच्या सालावेरी बंदराच्या बांधकामामुळे या किनाऱ्याची धूप झाली असून लव्हाळ्याच्या वाफ्यांनाही तिचा फटका बसला आहे. वांचाकोला २०१३ मध्ये ‘जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्र’ हा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. मात्र अशा मानास स्वतःचे कायदेशीर बळ नसते.

मूल्यमापन

सेवाभावी संस्थेमुळे आरोग्यसेवा पोहोचते, पण ती देणग्यांवर अवलंबून असते. कायदा बांधकाम रोखू शकतो, पण उत्पन्नाच्या वाटपाची हमी देत नाही. सामूहिक हक्काची व्यवस्था उत्पन्न गावात ठेवते, परंतु जेथे किनारा शासनाच्या किंवा खासगी मालकीचा आहे, तेथे ती जशीच्या तशी लागू करणे कठीण आहे. शिवाय पर्यटन वाढले की जमिनीच्या किमती, कचरा व गोड्या पाण्याची मागणीही वाढते. म्हणून पर्यटकसंख्येची मर्यादा आणि उत्पन्नातील स्थानिकांचा वाटा या बाबी आरंभीच निश्चित होणे आवश्यक ठरते.