'ही' म्हणजे तो, 'शी' म्हणजे ती

मागच्या अंकात आपण नामे पाहिली. या वेळी सर्वनामे. 'नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम' ही व्याख्या मुलांना पाठ असते. प्रकारही पाठ असतात : पुरुषवाचक, दर्शक, प्रश्नार्थक, संबंधी, आत्मवाचक, अनिश्चित. तरीही दहावीच्या निबंधात सख्ख्या भावाचा 'शी' होतो, आणि मुंबईत नोकरीच्या मुलाखतीला गेलेला पदवीधर मुलगा 'मायसेल्फ इम्रान' अशी सुरुवात करतो.

पाठांतर कमी पडले म्हणून हे होत नाही. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडची आपली मुले घरी कोकणी बोलतात, बाजारात मराठी, शाळेत पुष्कळ जण उर्दू. प्रत्येक भाषेत सर्वनामाची वागणूक निराळी आणि इंग्रजीची आणखी निराळी. चूक कोणत्या भाषेतून आली ते कळले की ती दुरुस्त करायला वेळ लागत नाही. म्हणून आज प्रकारांच्या याद्या बाजूला ठेवू आणि चुकांकडे पाहू.

पहिली चूक 'ही' आणि 'शी'ची. उर्दूत पुरुषासाठीही 'वो' आणि स्त्रीसाठीही 'वो'. फरक क्रियापदात कळतो : वो आता है, वो आती है. इंग्रजीत बरोबर उलटे. 'कम्स' हे क्रियापद दोघांनाही चालते आणि सगळा भार सर्वनामावर येतो. उर्दूतून विचार करणाऱ्या मुलाला तिथे निवड करायची सवयच नसते, म्हणून ते तोंडाला येईल ते बोलून मोकळे होते. मराठीत दोन्हीकडे फरक आहे, तो येतो आणि ती येते, त्यामुळे मराठी शाळेतली मुले इथे कमी चुकतात. मात्र त्यांची अडचण वेगळी. मराठीत 'ही' म्हणजे जवळची बाई, आणि इंग्रजीत 'ही' म्हणजे पुरुष! पहिलीतल्या मुलाने गोंधळायचे नाही तर काय करायचे?

'हिज' आणि 'हर'ची चूक याहून महागात पडते. उर्दूत 'उसकी बीवी' आणि 'उसका शौहर'. यातले का-की पुढच्या शब्दाप्रमाणे बदलतात, मालक पुरुष की स्त्री याच्याशी त्यांचा संबंध नाही. मुलगा 'की' ऐकतो, त्याला स्त्रीलिंग समजतो आणि 'हर वाइफ' लिहितो. आता समजा, कुवेतमध्ये काम करणाऱ्या एकाने सुट्टीचा अर्ज केला : भाऊ आजारी आहे, 'हर ऑपरेशन' सोमवारी आहे. वाचणाऱ्या साहेबाला प्रश्न पडतो, ऑपरेशन भावाचे की वहिनीचे? तो विचारून घेईल किंवा अर्ज बाजूला ठेवील. दोन्हीत दिवस आपले जातात.

यावर उपाय मराठीतच आहे. 'त्याची बायको', 'तिचा नवरा' हे शब्द मधोमध तोडा. मागची शेपटी, म्हणजे चा-ची-चे, वस्तूसाठी असते. ती टाकून द्या. पुढे 'त्या' उरले तर 'हिज', 'ति' उरले तर 'हर'. बायको असो, होडी असो की घर, इंग्रजी फक्त पुढचा तुकडा पाहते. उर्दू माध्यमाच्या मुलाला ही युक्ती मराठीतूनच शिकवा, उर्दूत तो तुकडा नाहीच.

आता 'मला'. 'मी म्हणजे आय, मला म्हणजे मी' असे शिकवले जाते. (पाहा, इंग्रजीतला 'मी' म्हणजे मराठीतला 'मला'. आवाजाची गंमत इथेही.) हा नियम अर्धाच खरा आहे. मला भूक लागली, मला ताप आहे, मला दोन भाऊ आहेत, मला माहीत आहे : या सगळ्या 'मला'ना इंग्रजीत 'आय' लागते. आपल्याकडे भूक माणसाकडे येते. इंग्रजीत माणूसच भुकेला असतो. तेव्हा मुलाला विचारायचे ते असे : भूक, ताप, माहिती कुणाकडे आहे? तो माणूस वाक्याच्या सुरुवातीला आणि 'आय' म्हणून. 'मला पाणी दे' मधला 'मला' मात्र खरोखर 'मी'.

'मायसेल्फ'ने वाक्य सुरू होत नाही. हे आत्मवाचक सर्वनाम आहे. करणारा आधी येऊन गेला असेल तरच ते मागून येते : 'आय हर्ट मायसेल्फ', मी स्वतःला लागून घेतले. ओळख करून देताना 'आय अॅम इम्रान' एवढे पुरे.

'यू' सोपा वाटतो. तू, तुम्ही, आपण, सगळ्यांना एकच. अरबी शिकणाऱ्या मुलांना हे नवल वाटेल, कारण तिथे पुरुषाला 'अंत', स्त्रीला 'अंति', आणि दोघांसाठी आणखी वेगळे सर्वनाम आहे. (अरबी-उर्दू व्याकरणात सर्वनामाला 'जमीर' म्हणतात. मनाच्या आतल्या आवाजालाही हाच शब्द.) इंग्रजीतही पूर्वी एकवचनी 'दाऊ' होता, तो सतराव्या शतकात रोजच्या बोलण्यातून मागे पडला. मार्माड्यूक पिक्थॉल यांनी 1930 साली प्रसिद्ध केलेल्या कुरआनच्या इंग्रजी अनुवादात मात्र 'दाऊ', 'दी' जागोजागी भेटतात. मुलांनी विचारले तर सांगा, हा जुना 'तू' आहे. पेपरात लिहू नये.

'वी' मात्र जपून ऐकावा. 'आम्ही अलिबागला जातोय' म्हटले की ऐकणारा घरी राहतो, 'आपण जातोय' म्हटले की तो चप्पल घालतो. इंग्रजीला हा फरक एका शब्दात करता येत नाही. या बाबतीत मराठी श्रीमंत आहे, आणि ते मुलांना सांगायला हरकत नाही.

वस्तूंचे सोपे आहे. समुद्र तो, होडी ती, जाळे ते, इंग्रजीत तिन्ही 'इट'. अपवाद जहाजाचा. आपल्या किनाऱ्यावरच्या ज्या घरांतून माणसे बोटीवर नोकरीला गेली, तिथे जहाजाला 'शी' म्हणताना कुणी ना कुणी ऐकले असेल. लंडनच्या 'लॉइड्स लिस्ट' या जहाजधंद्याच्या वृत्तपत्राने 2002 मध्ये 'शी' सोडून 'इट' धरले. खलाशांच्या तोंडी जुनी सवय अजून आहे.

उरलेल्यांत दोनच गोष्टी. 'एव्हरीवन' म्हणजे सगळे, पण त्याला 'हॅज' लागतो, 'हॅव' नाही. आणि मराठीतल्या 'जी बोट दिघीहून सुटली ती आगरदांड्याला पोहोचली' या वाक्यातले जी-ती हे जोडपे इंग्रजीत नसते. मध्ये एक 'विच' बसवला की झाले : 'द बोट विच लेफ्ट दिघी रीच्ड आगरदांडा'.

घरचा अभ्यास : पुढील चार वाक्ये मुलांकडून इंग्रजीत लिहून घ्या. तिचा भाऊ दुबईत आहे. त्याची बहीण म्हसळ्याला शिकते. मला खोकला झालाय. सगळ्यांना घर आहे. चौथ्या वाक्यात 'एव्हरीवन' वापरायला सांगा. उत्तरे पुढच्या अंकात, विशेषणांबरोबर.