पट भरला, पुढें काय?

शाळेच्या पटावर नांव चढलें म्हणजे मूल शिकलें, असा समज आमच्या शहाण्यासुरत्या लोकांतही अद्याप रूढ आहे. हा समज जितका सोयीचा तितकाच घातक होय.

सक्तीच्या शिक्षणासाठीं महाराष्ट्रानें पुष्कळ झीज सोसली आहे. १८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें त्याची मागणी केली. १९११ सालीं नामदार गोखले यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत बिल मांडलें. तें पुढल्या सालीं फेटाळलें गेलें. १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं आपल्या करवीर संस्थानांत तसा कायदा केला. साऱ्या देशांतील मुलांस हा हक्क कायद्यानें मिळण्यास मात्र २००९ साल उजाडावें लागलें. आज खेड्यापाड्यांतील बहुतेक मुलांचीं नांवें पटावर आहेत, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु नुसत्या पटानें वाचतां येत नाहीं! २०२४ च्या 'असर' पाहणींत ग्रामीण भागांतील पांचवीच्या सुमारें निम्म्या मुलांस दुसरीच्या पुस्तकाइतका सोपा उताराही वाचतां आला नाहीं. याचा दोष एकट्या मास्तरांवर टाकणें अन्यायाचें होईल. अक्षरओळख कच्ची असतांच मूल वरच्या वर्गांत जातें, आणि नेमलेलें पुस्तक संपविण्याची घाई तर सर्वांसच असते. मागील बाकी चुकलेली असतां पुढल्या पानावर बेरजा मांडीत जावें, तसा हा प्रकार आहे.

यावर उपाय आहे, व तो फारसा खर्चाचाही नाहीं. 'प्रथम' या संस्थेनें मुंबई व बडोदें येथें मागें पडलेल्या मुलांस बालसखींकडून निराळें शिकविलें. २००१ ते २००३ या काळांत केलेल्या परीक्षणांत त्या मुलांची प्रगति स्पष्ट दिसून आली. इयत्ता न पाहतां, मुलाला काय येतें तें पाहून गट पाडावे व तेथून शिकवावें, ही त्यांतून वाढलेली रीत पुढें आफ्रिकेंतील झांबिया देशानेंही आपल्या सरकारी शाळांत उचलली. जें परक्यांनीं घेतलें, तें घरच्यांनीं कां टाकावें?

"आमचीं मुलें खाजगी शाळेंत जातात, आम्हांस काय त्याचें?" असें कोणी म्हणतील. त्यांस आम्ही विचारतों, उद्यां आपल्या दुकानीं पावती लिहिणारा व माल मोजणारा कोणत्या शाळेंतून येणार?

सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश जागा कायद्यानें पालकांच्या आहेत. पालकांनीं त्या बैठकीस जावें, आणि भिंतींच्या रंगाची चर्चा करण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा: तिसरींतील किती मुलें आज वाचतात? दरसाल वह्यांचा ताळेबंद पाहिल्यावांचून ज्यांस चैन पडत नाहीं, त्यांनीं गांवच्या विद्येचा ताळेबंद एकदांही पाहूं नये काय?