‘फॉरवर्ड’ करण्याआधी ‘कधी’ विचारा!

सेमिस्टरच्या पेपरच्या आदल्या रात्री आमच्या क्लासच्या ग्रुपवर एक परिपत्रक येऊन पडलं. ‘अतिवृष्टीमुळे उद्याचा पेपर पुढे ढकलण्यात येत आहे.’ लेटरहेड, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. मी ते वाचलं (म्हणजे मला तसं वाटलं!) आणि लगेच आणखी दोन ग्रुपवर टाकून मोकळी झाले. वीस मिनिटांनी एकाने त्याच परिपत्रकाचा फोटो तारखेवर लाल गोल करून परत टाकला. महिना हाच होता, पण वर्ष गेलं होतं.

मी घाईघाईने ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं. पण एक मैत्रीण तोवर अलार्म बंद करून झोपली होती. सकाळी रूममेटने हलवून उठवलं म्हणून तिची केटी वाचली. ती मला यावरून एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच जास्त टोचतं. कारण मी मास कॉमची विद्यार्थिनी. कोण, काय, कुठे, कधी, का, कसं हे पहिल्या वर्षापासून घोकतेय. त्यातला ‘कधी’ विचारायला मला दहा सेकंदही लागले नसते.

ही गडबड फक्त माझीच होते असं नाही. अमेरिकेतल्या एनपीआर या रेडिओ संस्थेने १ एप्रिल २०१४ला ‘अमेरिका हल्ली वाचत का नाही?’ अशा अर्थाच्या हेडलाइनची एक लिंक फेसबुकवर टाकली होती. लिंक उघडली की आत लिहिलेलं, हे एप्रिल फूल आहे, लोक न वाचताच मत देतात असं आम्हाला वाटतं, तेव्हा प्लीज कमेंट करू नका. तरी खाली तावातावाने वाद रंगलाच. पुढे २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्सच्या इन्रिया या संस्थेतल्या संशोधकांनी ट्विटरवरच्या बातम्यांच्या लिंक तपासल्या. शेअर झालेल्या लिंकपैकी ५९ टक्के लिंकवर एकदाही क्लिक झालेलं नव्हतं. थोडक्यात, आपण बातमी पुढे पाठवत नाही, हेडलाइन पाठवतो.

पेपर चुकला तर केटी देता येते. पण १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जे झालं ते दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. ‘मुलं पळवणारी टोळी फिरतेय’ असे मेसेज त्या काळात गावोगावच्या मोबाइलवर फिरत होते. आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने तीच टोळी समजून ठार मारलं. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातले होते. ते मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी अनेकांना आपण काही वाईट करतोय असं वाटलंही नसेल. आपल्या माणसांना सावध करावं, एवढंच मनात असेल. म्हणूनच ही गोष्ट जास्त घाबरवते. हेतू चांगला असला तरी वाचन अर्धवट असेल, तर चांगुलपणाही कुणाच्या तरी जिवावर उठू शकतो.

त्या महिन्यात व्हॉट्सअॅपने मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटवर फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२०पासून खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटवर पाठवता येऊ लागला. त्याच वर्षी ट्विटरने न उघडलेली लिंक रिट्विट करताना ‘आधी वाचणार का?’ असं विचारून पाहिलं. कंपनीच्या म्हणण्यानुसार, ही सूचना दिसल्यावर लोकांचं लेख उघडण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी वाढलं. म्हणजे आपल्याला वाचता येत नाही असं नाही. कुणीतरी क्षणभर हात धरला की आपण वाचतो. पण अॅप आपला हात धरेल, डोकं नाही. वर्ष कुठलं, फोटो कुठला, सांगणारा कोण, हे आपल्यालाच बघावं लागतं.

ते बघायचं कसं? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इतिहासाचे प्राध्यापक, त्यांच्याच विद्यापीठाचे विद्यार्थी आणि फॅक्ट-चेकर यांना अनोळखी वेबसाइट तपासायला दिल्या. प्राध्यापक आणि विद्यार्थी बऱ्याचदा त्याच पानावर खालपर्यंत वाचत बसले आणि छानशा लोगोला भुलले. फॅक्ट-चेकर मात्र लगेच दुसरा टॅब उघडून ‘हे लोक आहेत कोण?’ ते शोधू लागले. लक्ष देऊन वाचणं म्हणजे प्रत्येक ओळ डोळे फोडून वाचणं नव्हे. आपण एखादी खोली भाड्याने घेताना मालकापेक्षा शेजाऱ्यांना विचारतो ना, तसंच.

‘मग मोबाइल ठेवा आणि पुस्तक घ्या’ हा घरचा सल्ला कितपत खरा? २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो, आणि वेळेचं बंधन असलं की हा फरक वाढतो, असं त्यात दिसलं. गोष्टी-कथांच्या बाबतीत मात्र स्क्रीन आणि कागद यात तसा फरक आढळला नाही. त्यामुळे कादंबरी मोबाइलवर बिनधास्त वाचा, पण परीक्षेच्या आदल्या रात्री घाईत पीडीएफ खालीवर करण्याआधी महत्त्वाच्या पानांची झेरॉक्स काढायला हरकत नाही.

आणि लिहिण्याचं काय? इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात मी एका कॉपीत ‘त्याने चोरी केल्याचं उघड झालं’ असं लिहिलं होतं. डेस्कवरच्या सरांनी विचारलं, ‘उघड कुणाला झालं? कोर्टाला?’ पोलिसांनी फक्त संशय व्यक्त केला होता. एका क्रियापदाने मी माणसाला गुन्हेगार करून टाकलं होतं. तेव्हापासून सेंड करण्याआधी क्रियापदं पुन्हा वाचते. हे फक्त पत्रकारांसाठी नाही. ग्रुपवर ‘सर म्हणाले’ आणि ‘सर म्हणाले असं ऐकलं’ यात एका पेपरचा फरक पडू शकतो, हे मी स्वतः पाहिलंय.

आता सबमिशनही एआय लिहून देतं आणि लेखाचा सारांशही तेच काढून देतं. मीही वापरते, खोटं कशाला बोलू? पण सारांश घेतला तरी मूळ लेख एकदा उघडते, आणि जे मला स्वतःच्या शब्दांत मैत्रिणीला सांगता येत नाही, ते मला समजलेलं नाही असं मानते.

या सेमिस्टरचं टाइमटेबल परवा ग्रुपवर आलं. मी ते लगेच पुढे पाठवलं नाही. आधी वर्ष बघितलं, मग कॉलेजच्या साइटवर जाऊन जुळवलं आणि मग त्याच मैत्रिणीला पाठवलं. तिचा रिप्लाय आला, ‘तारीख बघितलीस ना?’

बघितली!