पोस्त आणि हक्क

दिवाळी आली की शेटजींचा हात सैल सुटतो. मिठाईचा पुडा आणि एक पाकीट हमालाच्या हातावर पडते, नि वर विचारणा होते : "तुला काही कमी केलंय का?" पोस्त खुशाल द्यावी; पण पोस्त देऊन हक्क गिळता येत नाही!

सांगलीची हळदपेठ असो की मुंबईचा मसाला बाजार, पोती वाहणाऱ्याला एकच उत्तर मिळे : "तू आमचा नोकरच नव्हेस." आज या पेढीवर, उद्या त्या, मग फंड मागावा कोणाकडे? दहा मालकांचा माणूस बिनमालकाचा ठरे! सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याचे अण्णासाहेब पाटील या लबाडीविरुद्ध उभे राहिले. त्यांनी माथाडींची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला.

त्याची रीत साधी. व्यापाऱ्याने नाव नोंदवायचे, हमालानेही. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरायची. मजुरी मंडळ देते. लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस निघतो. मालकाच्या मर्जीला इथे थारा नाही.

म्हणूनच "तू तर घरचा, नोंदणी कशाला?" असे कोणी गोड बोलला की सावध व्हावे. घरच्या माणसाला म्हातारपणी घास मिळतो. बिननोंदीच्या हमालाला कोण पुसतो? एकट्याने भांडू नये, टोळीने जावे. केलेल्या कामाचा हिशेब लिहून ठेवावा.

लक्ष्मीपूजनाला शेटजी वह्यांची पूजा करतात. करोत बापडे! आपले नाव मंडळाच्या वहीत आहे ना, एवढे मात्र आपण पाहावे.