भेट दिवाळीची, मिळकत कोणाची?

दसरा आटोपला की चंद्रपूरच्या बाजारपेठेत कंदील, पणत्या आणि कपड्यांची दुकाने सजू लागतात. मात्र भेटवस्तूंच्या खरेदीचा मोठा ओघ आता मोबाइलकडे वळला आहे. अॅमेझॉनने २०१३ मध्ये भारतात व्यवसाय सुरू केला, तर फ्लिपकार्टने ऑक्टोबर २०१४ मध्ये पहिला ‘बिग बिलियन डे’ भरवला. तेव्हापासून सणापूर्वीची घसघशीत सवलत ग्राहकाने गृहीतच धरली आहे. त्यावर उतारा म्हणून ‘स्थानिक दुकानातूनच खरेदी करा’ असे आवाहन दरवर्षी केले जाते. ते योग्य असले तरी चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांपुरते पाहता अपुरे आहे.

येथून कच्चा माल जातो आणि पक्का माल येतो, हे या जिल्ह्यांच्या अर्थकारणाचे जुने दुखणे. बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला गेला, तेंदूपत्ता बाहेरच्या विडी कारखान्यांना. जंगलालगतच्या माणसाच्या पदरी पडली ती तोडणीची मजुरी. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही चौकट बदलण्यास आरंभ झाला. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबू वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. बांबू विकण्याचा अधिकार असा मिळाला. त्याची वस्तू घडवून विकण्याची बाजू मात्र अद्याप दुबळी आहे.

म्हणूनच दुकान स्थानिक असणे आणि वस्तू स्थानिक असणे यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. परप्रांतातून आलेली प्लॅस्टिकची शोभेची वस्तू चंद्रपुरात घेतली काय किंवा मोबाइलवर मागवली काय, गावात उरतो तो फार तर दुकानदाराचा नफा. बांबूच्या कंदिलाचे तसे नाही. त्याच्या किमतीतला मोठा हिस्सा हातांच्या मजुरीचा असतो, आणि ते हात येथलेच असतात.

अशा वस्तूंची वानवा नाही. भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभारलेल्या ग्रामोदय संघाने कुंभारकामाला नवे वळण दिले. आरमोरी आणि नागभीड परिसराला टसर रेशमाची परंपरा आहे. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरचे कोष वाढवण्याचे काम ढिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. वरोऱ्याच्या आनंदवनात हातमागाचे कापड विणले जाते, तर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

दुकानदाराचे महत्त्व याने कमी होत नाही. हा धानाचा मुलूख. दिवाळी येते तेव्हा अनेकांचे धान शेतातच उभे असते आणि पैसा हाती यायचा असतो. अशा वेळी ओळखीवर मिळणारी उधारी सण साजरा करू देते. भाऊबीजेनंतरच्या मंडईतही हाच व्यवहार चालतो. मात्र ग्राहकाकडून आपुलकीची अपेक्षा करणाऱ्या दुकानदाराने बुरडाच्या आणि कुंभाराच्या मालाला फळीवर जागा द्यायला हवी.

ऑनलाइन बाजाराला सरसकट दूषणे देण्याचेही कारण नाही. पर्लकोटेच्या पुराने पावसाळ्यात ज्याची वाट तुटते, त्या भामरागडसारख्या भागात दुकानांतली निवड मर्यादितच असते. पुण्या-मुंबईच्या ग्राहकापर्यंत पोहोचण्यास कारागिरालाही हा मार्ग उपयोगी आहे. त्यासाठी एकसारखा दर्जा, ठरलेली किंमत आणि नीट बांधणी यांची सवय लावावी लागेल.

खरा फरक पडेल तो घाऊक खरेदीने. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा खाणी, सिमेंट कारखाने आणि महाऔष्णिक वीज केंद्र आहे. दिवाळीला कर्मचाऱ्यांना आणि संबंधितांना भेटी देणाऱ्या आस्थापनांनी त्यांतला काही भाग जिल्ह्यातील कारागिरांकडून घेण्याचे ठरवले, तर शेकडो हातांना काम मिळू शकेल. पण हाताचे काम आठवड्यात होत नाही. मागणी पावसाळ्यातच नोंदवली पाहिजे आणि काही रक्कम आगाऊ दिली पाहिजे. घरगुती ग्राहकाने दहा भेटींपैकी दोन जरी जिल्ह्यातल्या कारागिराकडून घेतल्या, तरी जंगलातून बाहेर जाणाऱ्या पैशाचा थोडा भाग माघारी वळेल.